पुढे काय करायचं ते त्यांनी ठरवावं

मी, दिनानाथ काशिराम घरत, वय ६८, निवृत्त भूकरमापक, राहणार पनवेल, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. पत्नी तर म्हणते, एवढी घाई कसली.

१. माझे सर्व फासे, हाताने काढलेले नकाशे आणि एकवीस वह्या पुतणी कोमल हिला द्याव्यात. पुण्याच्या हॉस्टेलमधून हा खेळ तिनेच आमच्या घरी आणला. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक माणूस व्हायचं. एकाने जग सांगायचं आणि विचारायचं, "आता काय करतोस?" जिथे खात्री नाही तिथे फासा टाकायचा. जग सांगायचं काम माझ्याकडे आलं. नोकरीत लोकांच्या हद्दी आखल्या होत्या, मला वाटलं हेही तसंच.

२. कोन येथील माझी स्वकष्टार्जित पाच गुंठे जमीन मुलगा हितेश यास. याबाबत एक कबुली देणे भाग आहे. २०१४ साली खेळात हितेशच्या माणसाला होडी घेऊन गाव सोडायचं होतं. माझी पुढची गोष्ट गावातच घडणार होती. मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकला, पण फाशाकडे न बघताच म्हणालो, "वारा फिरला. होडी परत किनाऱ्याला." हितेश उठला. पुन्हा खेळायला बसला नाही. त्याच वर्षी मस्कतला गेला.

गेल्या महिन्यात मी फोनवर त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं, बाबा." मग म्हणाला, "होडी अजून काढता येईल?"

"फासा टाक."

त्याने तिकडे टाकला. मला दिसत नव्हता. "चार," तो म्हणाला. वीस बाजूंच्या फाशावर चार, म्हणजे कमीच. त्याला खोटं सांगता आलं असतं. होडी उलटली. "हरकत नाही, पोहत जातो," म्हणाला, आणि अकरा वर्षांनी माझा मुलगा पुन्हा माझ्या गोष्टीत होता, मी न आखलेल्या दिशेने.

३. हे कलम मिळकतीचं नाही, पण नोंद राहावी. २०१६ साली मी चार महिने खपून एक कथा रचली होती. खाडीतली एक अजस्र मगर रोज भरतीला मिठागराचा बांध फोडते. तिला मारायचा भाला कर्नाळ्याच्या सुळक्यावर ठेवला होता. सगळ्यांनी तो मिळवला. त्या दिवशी कोमलने आग्रह केला म्हणून पत्नी गुणाबाईही खेळायला बसली. ती झाली जनी, मिठागरातली बाई. तिचं माहेर मिठागराचंच.

मी विचारलं, "जनी काय करते?"

"पान्यात उतरते. तिला इचारते, बाय गो, रोज बांध फोडतेस, आत तुजं काय हाय?"

माझ्या वहीत उत्तर नव्हतं. मगर समोर आली, जबडा उघडला असं सांगितलं. गुणाबाई म्हणाली, "मी हालत नाय. ऐकल्याबिगर जानार नाय." कोमलने भाला खाली ठेवला. एकेक करून बाकीचेही पाण्यात उतरले. आणि माझ्याच तोंडून मगरीचे शब्द आले, "आत माझी अंडी राहिली आहेत." हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हातांनी बांध उघडला. जे जग मी केलं असं समजत होतो, ते पहिल्यांदा माझ्यासमोर जिवंत झालं. मी फक्त बघत बसलो होतो.

४. पनवेल येथील राहतं घर पत्नी गुणाबाई हिचं. पहिल्या मसुद्यात मी अटी घातल्या होत्या: घर विकू नये, हितेशने परत यावं, जमिनीवर कोणी बांधू नये. गुणाबाईने वाचलं आणि विचारलं, "मेल्यावर पन तुमीच गोष्ट चालवनार?"

तो मसुदा मी फाडला. वरील कोणत्याही मिळकतीस कोणतीही अट नाही.

सही करण्यापूर्वी मी तिला विचारलं, "मग घराचं काय करशील?"

ती हसली. "काय काय करीन! आत्ताच कशाला सांगू?"

गेली बेचाळीस वर्षं मी हिच्यासोबत राहतो आहे. मला खरंच अंदाज नाही.

मृत्युपत्र करणार: दिनानाथ काशिराम घरत (सही)

आम्हा दोघांना यातून काही मिळणार नाही. त्यांनी आमच्यादेखत आणि आम्ही त्यांच्यादेखत सही केली.
साक्षीदार: १. निकेश बळीराम म्हात्रे (सही) २. प्राची कल्पेश ठाकूर (सही)

पनवेल, ९ फेब्रुवारी २०२५