टेबलाच्या भोकातून चाळीचा कारभार

२ जून, सोमवार
मान अडकली. डावीकडे अजिबात वळत नाही. कमलचं म्हणणं, दिवसभर मोबाईलमध्ये खुपसलेली असते म्हणून. बायकोला कारभार काय कळणार? अकरा वर्षं चाळीचा सेक्रेटरी आहे, ग्रुपवर पाणी, कचरा, वाढदिवस सगळं मलाच बघावं लागतं. बावीसला निवडणूक. तोपर्यंत मान ठणठणीत करायची.

३ जून
तळमजल्यावरच्या अपेक्षाकडे गेलो. फिजिओथेरपिस्ट आहे. लहानपणी तिला जिन्यात क्रिकेट खेळू दिलं नव्हतं. ते तिच्या लक्षात असावं, असं तिच्या अंगठ्यांवरून वाटलं. पालथं झोपायचं, तोंड टेबलाला त्यासाठीच पाडलेल्या भोकात. मानेच्या मुळाशी दाबत तिने विचारलं, रोज किती तास मोबाईल? दोन म्हटलं. तिने आणखी दाबलं. सात म्हटलं.
दहा सिटिंग. रोज हनुवटी मागे घ्यायचा व्यायाम. मोबाईल एकच तास, तोही डोळ्यांसमोर धरून. कबूल. शब्दाचा पक्का आहे मी.

५ जून
मोबाईल डोळ्यांसमोर धरून गॅलरीतून चाललो. समोरच्या मीराबाईंना वाटलं, त्यांचा फोटो काढतोय. तक्रार सेक्रेटरीकडे, म्हणजे माझ्याकडेच आली. फेटाळली. मोबाईल पुन्हा खाली.

९ जून, संध्याकाळ
शोध लागला. भोकाच्या बरोबर खाली फरशीवर मोबाईल ठेवला की पालथं पडून सगळा ग्रुप दिसतो. मान अपेक्षाकडे, डोळे चाळीकडे. टाइप करता येत नाही, पण हात खाली सोडून अंगठा पाठवता येतो. सतरा अंगठे पाठवले. त्यातला एक चाळीतले रामजी वारल्याच्या मेसेजला गेला. भावना चांगलीच होती.

१० जून
अपेक्षाने पकडलं. मोबाईल ड्रॉवरमध्ये. म्हणाली, "काका, मी सोडवते आणि तुम्ही परत अडकवता. मग माझ्याकडे येता कशाला?"
निवडणूक होईपर्यंत मीच सिटिंग बंद केलं. एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची मेघना विरोधात उभी राहिल्याचं कळलं. ग्रुपवर तिचा एक मेसेज नाही. दारोदार फिरते म्हणे. रामजींच्या घरी कालपासून डबाही पोचवते. पोरीला प्रचार कसा करतात तेच माहीत नाही.

१७ जून
आज एकशे चाळीस मेसेज. सगळ्यांना ‘सुप्रभात’ वेगवेगळ्या फुलांसह. दुखणं खांद्यात उतरलंय. व्यायाम उद्यापासून.

२१ जून
मान दोन्हीकडून बंद. सरळ समोर दिसतं. सेक्रेटरीला तेवढं पुरे.

२३ जून, सोमवार
काल सभा झाली. मागे वळायची सोय नसल्याने पहिल्या रांगेत बसलो. हात वर करून मतदान. आधी माझं नाव पुकारलं. मागे शांतता. लोक भावुक झाले की असं होतं. मग मेघनाचं नाव. आता मात्र मागे खुर्च्या करकरल्या, बांगड्या वाजल्या. उशिरा का होईना, लोकांनी माझ्यासाठी हात वर केले असणार. उठून, समोरच्या नोटीस बोर्डाकडे बघत, आभार मानले. पाच मिनिटं बोललो. कोणी अडवलं नाही.
कमलनेच शर्ट ओढून खाली बसवलं. कानात म्हणाली, "अहो, ते हात तिच्यासाठी होते. छप्पन्न. तुम्हाला चार."
तुझा हात कधी वर झाला, विचारलं.
"वळून बघायचं होतं," म्हणाली.