माणशी अर्धं संत्रं

दि. ४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय बारक्या,

आशीर्वाद घे. नको असले तरी घे, मोठा भाऊ आहे मी. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो, असं चाललंय. तुझं घड्याळदुरुस्तीचं दुकान बरं चाललं असेल. फोनच केला असता, पण फोनवर तू 'हं, बरं, गिऱ्हाईक आलंय' म्हणून ठेवून देतोस.

माझं पाट्या रंगवणं चालू आहे. हात अजून थरथरत नाही. गेल्या महिन्यात दंतवैद्यीणबाईंच्या दवाखान्याची पाटी केली, आणि त्याच बाईंनी आता माझ्या डोक्याला ताप दिलाय.

आपल्या क्लबात मुलांच्या रग्बीचं वाटोळं करायचा घाट घातलाय रे! बाईंचा मुलगा खेळायला येतो, म्हणून त्या समितीवर आल्या आणि आल्या आल्या ठराव मांडला. दहा वर्षांखालच्या मुलांची निवड बंद. शुक्रवारी सामानखोलीच्या दारावर यादी लागणार नाही. आलेलं प्रत्येक पोर सारखा वेळ खेळणार. आणि टॅकल बंद! अंगावर झेप घेऊन कुणी कुणाला पाडायचं नाही. कमरेच्या पट्ट्याला दोन फिती चिकटवायच्या, फीत ओढून काढली की तो गडी पकडला गेला. मी म्हटलं, बाई, हा खेळ आहे की भेटवस्तूचं पुडकं सोडणं?

चांगलं चाळीस मिनिटं बोललो मी. अंगाला माती लागली पाहिजे, यादीतून नाव गळलं की पोर इरेला पेटतं, सगळं सांगितलं. म्हटलं, 'माझे पुढचे दोन दात टॅकलमध्येच गेले. काय बिघडलं माझं?' बाई म्हणाल्या, 'काहीच नाही काका, दोन्ही मीच बसवलेत.' सगळे हसले. मग मीही हसलो, तेच दात दाखवून. काय करणार!

मग बाईंनी विचारलं, गेल्या वर्षी बत्तीस मुलं होती, यंदा एकोणीस आहेत, बाकीची तेरा कुठे गेली? मी म्हटलं, पोहायला गेली असतील.

समितीत आम्ही पाच जण. दोघं बाजूने, दोघं विरुद्ध, पाचवा मी. माझं मत काय ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण एकट्या माझ्यामुळे ठराव पडला तर लोक मला हेकट म्हणतील. म्हणून तू दोन ओळी लिहून धाड. जुन्या माणसाचं पत्र म्हणून वाचून दाखवीन. 'या मैदानाने मला घडवलं' असलं काहीतरी. आता तू मैदानात फारसा उतरला नाहीस, हे आहेच. पण दोन वर्षं मध्यंतराची संत्री तूच सोलायचास, तेही संघाचंच काम. त्याच्या फार खोलात शिरू नकोस.

नात भिंगरी नऊ वर्षांची झाली. पळते अशी की नाव सार्थ! या शुक्रवारच्या यादीत मात्र तिला घेत नाहीये. आजोबा यादी करतात म्हणून नात खेळते, असं कुणी म्हणायला नको. तिला चालेल. चिवट आहे.

सोळा तारखेला, रविवारी मतदान आहे. लगेच लिही.

तुझा दादा


दि. १७ ऑक्टोबर, सोमवार

प्रिय बारक्या,

तुझं कार्ड पोचलं. 'दादा, संत्रं माणशी अर्धं लागतं. त्या क्लबातलं याहून जास्त मला काही माहीत नाही.' मी ते शर्टाच्या खिशात लपवलं. धुवायच्या कपड्यांतून ते तुझ्या वहिनीला सापडलं. वाचून म्हणाली, 'बरोबर लिहिलंय भाऊजींनी.' पुढे दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

आधी गंमत सांगतो. दंतवैद्यीणबाई म्हणाल्या, मत द्यायच्या आधी समितीने एकदा फितीचा खेळ खेळून तरी बघावा. परवाचा शनिवार ठरला, एका बाजूला आम्ही पाच, दुसऱ्या बाजूला पोरं, एकोणीसच्या एकोणीस. मी म्हटलं, माझी फीत कोण काढतो तेच बघतो. कपडे बदलायच्या खोलीत गेलो आणि पट्ट्याला नुसत्या चिकटवायच्या त्या दोन्ही फिती विजारीच्या नाडीलाच बांधल्या. पक्की निरगाठ मारून.

हो हो, लबाडी. पुढे ऐक.

चेंडू हातात आला आणि मी सुटलो. पोरांचा प्रशिक्षक आपला खाटीक आहे, तो आमच्याच बाजूने होता, पण दहा पावलांत बसला छाती धरून. मी तीन पोरं चुकवली. वाटलं, अरे, अजून आहे आपल्यात दम! तेवढ्यात मागून भिंगरी आली. तिने फीत धरली. सुटेना. मग दोन्ही हातांनी धरून, पाय रोवून ओढली. फीत सुटली नाही रे, नाडी सुटली. चेंडू धरावा की विजार, एवढं ठरेपर्यंत विजार गुडघ्याच्या खाली, मी गवतावर पालथा, आणि माझ्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीचं दर्शन अख्ख्या समितीला. पोरं लोळून लोळून हसली. तुझी वहिनी कुंपणाला धरून हसत होती, गुडघा बिडघा विसरून. मीही हसलो. आणि तसाच पडल्या पडल्या पाहत राहिलो, कारण पोरं माझ्या अंगावरून उड्या मारून पुढे खेळायलाही लागली होती. यादीत कधीच न आलेली सहा-सात पोरं त्यांच्यात होती. ती पळतात कशी, हे मी आजवर पाहिलंच नव्हतं. एक चष्मेवाला तर असा वळतो म्हणून सांगू!

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते लिहितो. तीनदा लिहून फाडलंय.

सात तारखेच्या शुक्रवारी मी यादी लावली. भिंगरीने ती वाचली. बोट ठेवून वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'आजोबा, मग उद्या मी संत्री सोलू का?' रडली नाही, चिडली नाही. इरेला बिरेला काही पेटली नाही. मी 'सोल' म्हणालो.

बारक्या, तू यादी तशीच वाचायचास. बोट ठेवून, वरून खाली आणि खालून वर. दोन वर्षं, दर शुक्रवारी. आणि तूही हेच विचारलं होतंस.

तुला मी सांगितलं होतं की आपले प्रशिक्षक, पोस्टमन सर, म्हणतात तू अजून लहान आहेस. सर कधीच तसं म्हणाले नव्हते. माझं अक्षर चांगलं म्हणून यादी मी लिहायचो, हे तुला ठाऊक आहे. पण संघ पंधराचा, आणि सर चौदाच नावं सांगायचे. मी कप्तान, म्हणून म्हणायचे, 'पंधरावं नाव तू घाल.' पंधरावं नाव माझ्या हातात होतं. मी न्हाव्याच्या मुलाचं घालायचो. तो तुझ्याहून चांगला खेळायचा म्हणून नव्हे, चेंडू तर त्याच्या हातात ठरतच नव्हता. त्याच्याकडे सायकल होती. शनिवारी सामना झाला की संध्याकाळपर्यंत ती मला मिळायची.

सायकलसाठी रे. लाल होती, घंटी वाजत नव्हती.

आणि तू संत्री सोलायचास, माझ्या वाटचं अर्धं बिया काढून द्यायचास. मी खायचो. बावन्न वर्षं झाली, ते अजून घशात अडकलंय. चुकलो मी. फार चुकलो. सर गेले तेव्हा तू आला नाहीस, मी लोकांत तुला माणूसघाणा म्हणालो होतो. त्याचीही माफी माग म्हणतेय तुझी वहिनी. मागतो.

काल मतदान झालं. दोन आणि दोन झाले, मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बाजूने हात वर केला. खाटकाला वाटलं मी पाणी मागतोय, त्याने तांब्या पुढे केला. पुन्हा वर करून दाखवावा लागला. दंतवैद्यीणबाईंनी कारण विचारलं. म्हटलं, एका घड्याळजीचं पत्र आलंय.

आज सकाळी सामानखोलीच्या दारावर मी पाटी रंगवली. 'जो येईल तो खेळेल.' भिंगरीने ती एकदाच वाचली आणि पळाली.

येत्या एकोणतीस तारखेला, शनिवारी पोरांचा पहिला सामना. त्याच्या आधी म्हाताऱ्यांचा फितीचा खेळ ठेवलाय, कुणी कुणाला पाडणार नाही. त्याची यादी तेवढी मी लिहिली, माझ्या आयुष्यातली शेवटची. पहिलं नाव तुझं आहे. वरून वाच की खालून वाच, सापडेल. तू बारक्या राहिला नाहीस, नव्वद किलोचा झालास, हे वहिनीकडून कळलंय. चालेल. पट्टा मोठा घेतलाय. दुकान एक दिवस बंद ठेव आणि ये.

माझं नाव यादीत नाही. मला दुसरं काम आहे. माणशी अर्धं, लक्षात ठेवलंय. तुझ्यातल्या बिया काढून ठेवतो.

वाट बघतोय.

तुझा दादा,
यंदाचा संत्रीवाला