ज्याने ह्यांच्या गोळ्या सोडवल्या त्याला

मी, सारजाबाई रामकिसन गायके, वय ७०, निवृत्त नर्स, राहणार देवळाई, औरंगाबाद, माझ्या मागे मिळकतीचे काय करावे ते कुणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. रागाला दाखला लागत नाही.

१. राहते घर मुलगा सुदाम यास. भांडीकुंडी सुनेने ठेवावी किंवा मोडीत द्यावी.

२. घरामागचा प्लॉट मी १९९८ साली माझ्या पगारातून, माझ्या नावे घेतला. तेव्हा भोवती बाजरी होती. आता इमारती आहेत आणि पाणी टँकरचं. हा प्लॉट नात संस्कृती हिस. ती नर्सिंग शिकते.

३. धाकटे दीर कडुबा या प्लॉटमध्ये अर्धा हिस्सा मागतात. त्यांना फूटभरही देऊ नये. कारण लिहिते.

२०१३ साली माझ्या यजमानांचं प्रेशर १२४/८० होतं. मी निर्धास्त झाले. नोकरीत, पाचोडच्या बाजाराच्या दिवशी, साठी ओलांडलेली माणसं रांगेने तपासली होती. मागच्या खेपेला ठीक असलेली कितीतरी माणसं पुढच्या खेपेला प्रेशर चढलेली निघायची, आणि त्रास कसलाच नाही. हे माहीत असून घरातल्या माणसाच्या दंडाला दोन वर्षं पट्टा बांधला नाही. तो दोष माझा.

२०१५ ला मोजलं तर १७२/१००. डॉक्टरांनी गोळी दिली. कडुबा म्हणाले, "वहिनी, वय झाल्यावर प्रेशर वाढतंच. दादा, तुला काय हुतंय का? नाय ना? मग कशाला? एकदा सवय लागली की सुटत नाय." मी भांडले. दोघे भाऊ हसले. महिन्याभरात गोळ्या बंद.

एप्रिल २०१६ मध्ये टँकरच्या रांगेत हे कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अडीच वर्षं मी त्यांना चमच्याने भरवलं. कडुबा एकदाही फिरकले नाहीत. तेराव्याला आले आणि जेवून प्लॉटचं विचारलं.

४. यंदा फेब्रुवारीत तेच कडुबा दारात. "वहिनी, शिबिरात प्रेशर निघालंय म्हणत्यात. मला तर काय हुत नाय." मोजलं. १७८/१०४.

मी म्हटलं, "गोळीची सवय लागली तर?"

त्यांना दवाखान्यात मीच नेलं. आता दर रविवारी येतात, मी मोजते. बोलत नाही.

माझ्या पश्चात हे काम संस्कृतीने करावे. गोळी चुकवली तर माझ्या वतीने शिव्या द्याव्यात. ही माफी समजू नये. ती मी दिलेली नाही. पण त्यांची बायको पारूबाई हिने माझं काही वाकडं केलेलं नाही. माझ्यासारखं तिला उशाशी बसावं लागू नये.

सगळं पुन्हा वाचलं. एक शब्दही खोडायचा नाही. म्हणून खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही करते.

सारजाबाई रामकिसन गायके (सही)

साक्षीदार:
१. गोजरबाई सांडू, शेजारीण (सही)
२. श्रीरंग देशपांडे, निवृत्त शिक्षक (सही)

देवळाई, औरंगाबाद
१९ मे २०१९