बांधावरचे पाहुणे

ता. २ ऑक्टोबर

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पार्सल काल पोचलं. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या चार बाटल्या, ह्यांचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि माझ्यासाठी लोकरीचे हातमोजे, सगळं जसंच्या तसं. बाटल्या तुमच्या दवाखान्यात निम्म्या किमतीत मिळाल्या हे वाचून बरं वाटलं, पण वरची पंच्याऐंशीची तिकिटं पाहून जीव हळहळला. बूट कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती दिले असते तरी चाललं असतं. हातमोजे मात्र फार उबदार आहेत. देव तुम्हाला सुखात ठेवो.

तुमच्या दादांचा काचबिंदू आहे तिथे आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकेल. समोरचा माणूस धूसर दिसतो, लांबचं काहीच नाही. दर शरदात दलदलीवर पक्षी मोजायला जाणारा माणूस, ह्या वर्षी दुर्बीण कपाटात ठेवून खिडकीशी बसून राहिला. मला बघवेना. मीच म्हटलं, डोळे माझे घ्या, कान तुमचे आहेतच. ज्या चिखलाला जन्मभर नावं ठेवली, त्यात आता मी उभी असते. हसा हवं तर.

भरतीचं पाणी चढलं की चिखल बुडतो. मग पक्षी खडीच्या लांब बांधावर येऊन पाणी उतरेपर्यंत विसावतात, तेवढ्यात मोजायचे. स्वयंसेवकांना किनारा वाटून दिला आहे. आमच्या वाट्याला अगदी टोकाचा बांध आणि एक लाकडी खोपटं. हे शीळ ऐकून पक्षी ओळखणार, मी आकडा सांगणार. एवढ्या उत्तरेकडून उडून आलेले दमलेले पाहुणे ते! पाहुण्यांना नुसतं मोजून वाटेला लावायचं हे माझ्या मनाला पटेना. म्हणून ह्यांना खोपट्यात बसवलं की मी डब्यातलं उरलंसुरलं अन्न आणि ओंजळभर दाणे बांधावर पसरून येते. टाकण्यापेक्षा कुणाच्या पोटात गेलेलं बरं. ह्यांना बोलले नाही, उगाच चेष्टा करतील.

माझ्यावरची माया आहे तशीच राहू द्यावी.
तुमची
वहिनी

ता. ७ ऑक्टोबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वॉर्डात वाचलं आणि एकटीच हसले. सिस्टरला काय झालं म्हणून पेशंट उठून बसला! दादाचे चिखलाचे बूट अंगणात भिरकावणारी वहिनी तीच ना तू? आणि तिकिटांचा हिशेब पुरे. भावाला बूट पाठवायला मी वाटसरू शोधत बसू की काय?

आता कामाचं. आमच्या नर्सांच्या इमारतीत तळमजल्यावरची खोली महिन्याअखेरीस रिकामी होते आहे. समोरच डोळ्यांचा विभाग आहे. तुम्ही दोघं कायमचे इकडेच या. दादा निसरड्या वाटेवर चालतो आहे असं डोळ्यांसमोर येतं आणि जेवण गोड लागत नाही. पण त्याला त्या दलदलीपासून ओढून आणायचं पाप मला नको. त्याचं मन असेल तरच. नाही तर तो इथे येऊन भिंतीकडे तोंड करून बसेल, आणि मग मी त्याची सेवा करू की समजूत काढू?

रागवायचं असेल तर दोघांनी मिळून रागवा, पण मला विसरू नका.
तुझी
धाकटी नणंद

ता. १५ ऑक्टोबर

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

खोली धरून ठेवा. हे यायला तयार आहेत. तुम्हाला आनंद व्हावा अशी ही बातमी, पण लिहिताना माझा हात जड झाला आहे.

झालं असं की आठवडाभर ह्यांना पक्ष्यांची शीळ ऐकू आलेली नाही. कावळ्यांचा गलका तेवढा येतो. कुरल म्हणून लांब वाकड्या चोचीचा एक पक्षी असतो, त्याची हाक म्हणे मैलभर जाते. ती नाही. तुतवार म्हणून लहानसे तपकिरी असतात, त्यांचं बारीक टीटी-टीटी नाही. ह्यांनी मला विचारलं, लहान तपकिरी पक्षी बांधावर आहेत का? मी म्हटलं, आहेत की, पाय ठेवायला जागा नाही. खरंच होते हो! घरी आल्यावर म्हणाले, म्हातारपणी बारीक आवाज आधी जातात, डोळ्यांमागून कानही निघाले, आता मी तिथे बसून कुणाची जागा अडवू? दुर्बीण पक्षी मोजणाऱ्या गटाची, म्हणून दुसऱ्या दिवशी ती गटाच्या प्रमुख बाईंना परत द्यायला पुसून ठेवली.

मी समजावलं, तुमच्याकडे कान तपासून घेऊ म्हटलं. तर म्हणाले, तपासून काय कळायचं राहिलं आहे? जेवतात, थेंब घालून घेतात, विचारलं तर हो-नाही म्हणतात. बस्स. देवापुढे बसले की मला दुसरं काही मागायचं सुचत नाही. डोळे घेतलेस, कान तरी ठेव, एवढंच म्हणते.

तुमचा आधार आहे म्हणून उभी आहे. तो असाच असू द्या.
तुमची
वहिनी

ता. १९ ऑक्टोबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

खोलीसाठी तुमची नावं दिली. कानाच्या डॉक्टरांशीही बोलले, पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला बोलावलं आहे.

पण खरं सांगू? दादा एका शब्दात तयार झाला, ह्याचीच मला धास्ती वाटते. लहानपणापासून माझं एक तरी म्हणणं त्याने वाद घातल्याशिवाय ऐकलं आहे का? त्याला म्हणावं, भांड जरा माझ्याशी. दुर्बीण परत देण्याआधी एकदा तरी बांधावर जा. निरोप न घेता निघालात तर त्याला इथे करमणार नाही.

जप स्वतःला, तुझ्यावर आम्हा भावंडांची भिस्त आहे.
तुझी
धाकटी नणंद

ता. ३० ऑक्टोबर

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

तुमचं ऐकलं ते किती बरं झालं! ह्यांना कसंबसं तयार करून आम्ही निरोप घ्यायला बांधावर गेलो. दुर्बीण घ्यायला गटाच्या बाईही आल्या होत्या. त्यांचं औषधांचं दुकान आहे आणि जीभ औषधासारखीच कडू, पण गुणकारी. मी नेहमीसारखी दाणे टाकून परतले, तर बाई दुर्बिणीतून बांधाकडे बघत उभ्या. त्यांनी विचारलं, अहो, ह्या चिमण्या आणि ही कबुतरं इथे कुणी बोलावली? आणि ते कावळे? आणि दोन कुत्री पंगतीला बसल्यासारखी बसली आहेत ती कुणाची? माझ्या हातात रिकामा डबा! बाईंनी डब्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मग नीट समजावलं की ह्या पाहुण्यांना आपलं अन्न लागत नाही, ते चिखलातले किडे-शिंपले खातात. त्यांना फक्त निवांत जागा हवी, आणि नेमकी तीच मी कुत्र्या-कावळ्यांना देऊन बसले होते. मी ज्यांना तुतवार समजून ह्यांना भरवसा देत होते, त्या आपल्या दारातल्या चिमण्या!

वन्सं, धरणी दुभंगावी असं झालं. पण ह्यांना सांगणं भागच होतं. खोपट्यात जाऊन एका दमात सगळं सांगितलं. ह्यांनी हळूच विचारलं, म्हणजे बांधावर तुतवार नव्हतेच? मी म्हटलं, एकही नव्हता. कुरल? तोही नाही. आणि मग जे हसायला लागले! डोळ्यांतून पाणी, पोटाला हात. नसलेले पक्षी ऐकू आले नाहीत हो, पुन्हा पुन्हा हेच म्हणत होते. बाईंना म्हणाले, माझ्या बायकोने किनाऱ्यावर अन्नछत्र काढलं आणि मी बसलो बहिरा होऊन! दुर्बीण परत द्यायची गोष्ट कुणी काढलीच नाही.

त्या दिवशी वाकून वाकून दाणा न् दाणा वेचला. बाईंनी मला पायवाटेच्या तोंडाशी उभं राहायचं काम दिलं, फिरायला येणाऱ्यांना कुत्री साखळीला धरायला सांगायचं. एक गृहस्थ म्हणाले, रस्ता काय तुमच्या वडिलांचा आहे? मी म्हटलं, नाही, पण आत पाहुणे झोपलेत. ते दुसऱ्या दिवसापासून दोरी घेऊन येऊ लागले. भटकी दोन आपली आपण गेली, कावळेही पांगले. पण बांध मोकळाच राहिला. मला वाटलं, ह्या वर्षापुरतं तरी मी सगळं घालवलं. हे मात्र रोज माझ्याआधी बूट घालून तयार.

काल भरतीला खोपट्यात बसलो होतो. मला नुसतं पाणी आणि ढग. ह्यांनी एकदम माझा हात दाबला. म्हणाले, उजवीकडून, उंचावर, कुरल. मागे तुतवारांचा थवा आहे. मी डोळे ताणले, काही नाही. थोड्या वेळाने ढगाखाली धुरासारखी एक रेघ दिसली, ती वळली, चकाकली आणि अख्खी बांधावर उतरली. मग मलाही ऐकू आलं. वन्सं, ती कुरलाची हाक किती एकाकी आणि किती गोड असते हो! मी हात जोडून बसले. हे विचारताहेत, किती आहेत, किती आहेत, आणि मी मोजलंच नव्हतं! एवढी बोलणी खाल्ली म्हणून सांगू, पण इतक्या आनंदाने बोलणी कधी खाल्ली नव्हती.

देवाचे उपकार, त्या बाईंचे उपकार आणि तुमचे तर फारच. तुम्ही निरोप घ्यायला पाठवलं नसतं तर आम्ही सामान बांधून मोकळे झालो असतो. कानाच्या डॉक्टरांची तेवढी क्षमा मागा. थेंबांसाठी आणि डोळे दाखवायला आम्ही तुमच्याकडे येत राहू, दोन दिवस राहू, हे तुमच्याशी मनसोक्त भांडतील.

आमची नावं काढून ती खोली कुणा गरजूला द्यायला सांगा. खोली पक्की झाल्याचं पत्र येईल म्हणून हे मनातून अजून धास्तावलेले आहेत, रोज टपाल आलं का विचारतात. तेव्हा खोली दिली एवढी एक ओळ उलट टपाली कळवा. मी ती मोठ्याने वाचून दाखवीन.

तुमची
वहिनी