मदर ऑटिलींच्या नावावर माझी भाजी

ती. वर्नेटाताईस,

आपल्या मेकन गावाहून धाकट्या थॅडियसचा वाकून नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे हे विचारण्यात अर्थ नाही, कारण विचारलं की तू ठणठणीत आहे म्हणतेस आणि दिवसाआड त्या डायलिसिसच्या मशीनला जाऊन बसतेस. माझी बायको लोरेटा मजेत आहे. मी कसा आहे ते पुढे येईलच, कारण हे पत्र सगळं माझ्याबद्दलच आहे. (तुला सवय आहे.)

माझी एक किडनी घे म्हणालो तेव्हा तू फोनवर हसलीस. म्हणालीस, आधी डुकराचं मांस सोड, रक्तदाब खाली आण, मग बोल. डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या, फक्त हसल्या नाहीत. एवढ्या रक्तदाबाच्या माणसाची किडनी आम्ही घेत नाही, भाजीपाला खा. मला चेव चढला. पुढच्याच रविवारी मी चर्चमध्ये देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उभा राहिलो आणि भर सभेत जाहीर केलं, की आजपासून या चर्चचा सेवक, डीकन थॅडियस, फक्त जमिनीतून उगवलेलं खाणार. सगळे आमेन म्हणाले. पुढच्या बाकावरच्या मदर ऑटिली पेटवे 'देवा, आवर याला' असंही म्हणाल्या, पण चर्चमधल्या सगळ्यात थोरल्या बाईंचं बोलणं मी आशीर्वाद म्हणूनच घेतो.

मग मी इमानेइतबारे पालेभाजी खाऊ लागलो. चर्चच्या जेवणात कोलार्डच्या पानांची, लोरेटाच्या माहेरी सलगमच्या पाल्याची, आणि चवळी तर जिथे मिळेल तिथे. पाल्यातले धुरी दिलेल्या मांसाचे तुकडे ताटाच्या कडेला काढून ठेवायचो (सगळे नाही) आणि खालचा रस्सा मक्याच्या पावाने पुसून पुसून संपवायचो, कारण सगळा कस रश्श्यात उतरतो हे आपल्या आईनेच शिकवलं होतं. महिन्याभराने बघतो तर रक्तदाब आणखी वर. मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, तुमचं यंत्र बिघडलंय. त्यांनी शांतपणे विचारलं, भाजी शिजते कशात? मी म्हणालो, पाण्यात. आता त्या बाई आपल्यातल्याच, आजीच्या हातचं खाऊन वाढलेल्या, त्यांना काय फसवणार. त्यांनी पुन्हा विचारलं, नुसत्या पाण्यात? तेव्हा मी आधी डुकराच्या पायाचं नाव घेतलं, मग टर्कीच्या मानेचं आणि शेवटी अगदी खालच्या आवाजात मिठाचं.

म्हणून मीच पदर खोचला. कांदा, लसूण, लाल मिरची, थोडं व्हिनेगर, मांसाचा कण नाही. पहिल्या दिवशी लोरेटाने एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि विचारलं, कोण गेलं? पण हळूहळू हात बसला. इतका बसला, की होमकमिंगच्या रविवारी मी भलं मोठं पातेलं भरून चर्चमध्ये नेलं. गाव सोडून गेलेले सगळे आले होते, तू सोडून. (मशीनला सुटी नसते, ठाऊक आहे.)

आपल्या लोकांची रीत तुला माहीतच आहे. झाकण उचलायच्या आधी विचारतात, हे कुणी केलंय? 'थॅडियसने' असं म्हटलं की झाकण खाली आणि माणूस पुढे. शेजारची मॅकरोनी संपली, रताळी संपली, माझं पातेलं मात्र जसंच्या तसं. मी त्याच्यामागे असा उभा, की लोक मला सांत्वनाचं बोलू लागले. शेवटी कुणीतरी पुन्हा विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मदर ऑटिलींनी.

ताई, पातेलं धुवायची गरज राहिली नाही. एक गृहस्थ तर बोटं चाटत म्हणाले, डुक्कर शिजवावं तर मदरनीच. लोक रांगेने त्यांचे आभार मानायला गेले, आणि मी दाराकडे सरकू लागलो. पण म्हातारीने पापणीसुद्धा हलवली नाही. गुडघे दुखतात, पण लेकरांसाठी करते, म्हणाल्या. मग मला बोटाने जवळ बोलावून कानात म्हणाल्या, व्हिनेगर जास्त झालंय, पुढच्या वेळी माझं नाव घालवू नकोस. तेव्हापासून दर रविवारी मी भाजी करतो आणि त्या कौतुक घेतात. हा डीकन त्यांचा आचारी झालाय.

लोरेटा तुझी आठवण काढते. बाकी सर्व क्षेम.

तुझा (नाइलाजाने) शाकाहारी भाऊ,
थॅडियस

ता. क. रक्तदाब उतरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किडनी जुळते आणि चालेल. फक्त तुझा होकार हवाय.

आणखी ता. क. मांस सोडायची अट तू मला जमणार नाही अशा खात्रीने घातली होतीस, धाकट्याला कापून घ्यायची वेळ येऊ नये म्हणून. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणून तर चिडून पाला चघळत बसलो.

शेवटचं ता. क. वर ऐट बरीच आहे, पण मला ऑपरेशनची भयंकर भीती वाटते. तू नको म्हणालीस तर आधी मला हायसं वाटेल, आणि मग जन्मभर तुझा राग येईल, आणि तो ऐकायला तू नसशील. हो म्हण, ताई.