कुंपणाच्या आतला झाडोरा

प्रिय तनू,

तुझा वेल्सहून पाठवलेला फोटो पाहिला. ओकच्या फांद्यांवर शेवाळ लोकरीसारखं चढलंय. थंड देशातही पावसाची जंगलं असतात हे मला तुझ्यामुळे कळलं. मग वाचनालयातून मिळेल ते आणून वाचलं. मेंढ्या बाहेर ठेवल्या की जंगल आपणहून परततं का, हे तुम्ही तिथे पाहता. तेच ताम्हिणीच्या उतारावर गुरं बाहेर ठेवून पाहायचं, एवढंच तुझं मागणं होतं. पण न लावलेल्या झाडांना पैसे कोण देणार? एका कंपनीच्या साहेबांनी तुला विचारलंच होतं, मग आम्ही फोटो कशाचा काढायचा.

शेवटी बाबांचे मित्रच उभे राहिले. बाबा गेल्यावर जयसिंगकाका कोथरूडभर दारोदार फिरले, बाबांच्या नावाने निधी जमवला आणि तुझं कुंपण झालं. यंदा पावसाळ्यानंतर मी जाऊन आले, तेव्हा कारवीच्या सावलीत पिसा, जांभूळ, अंजन यांची रोपं कोणी न लावता उगवली होती. वीतभरसुद्धा नव्हती. बाबा असते तर चष्मा काढून मातीवर आडवे झाले असते.

बाबांच्या पुण्यतिथीला काकांनी सोसायटीची बस ठरवली. मला वाटलं, सगळ्यांना कुंपण दाखवायचं असेल. पोचले तर आत नुसती तांबडी माती. आदल्या दिवशी मजूर लावून त्यांनी ते 'गचपण' साफ करून घेतलं होतं. कारवी नाही, रोपं नाहीत, तू मारलेल्या खुणेच्या खुंट्याही नाहीत. ओळीने खड्डे, त्यांत नर्सरीतले गुलमोहर, आणि प्रत्येकाशेजारी कुणाच्या तरी स्मरणार्थ पाटी. बाबांची सगळ्यांत मोठी. काकांचे डोळे भरले होते. म्हणाले, "वहिनी, आता आपल्या दीनानाथला शोभेलसं झालं."

पहिलं रोप मी लावलं. परतताना बसमध्ये काकांना शांतपणे सगळं सांगितलं. मागून कुणीतरी समजूत घातली, गवतच ते, परत येईल की. उरलेला निधी उन्हाळ्यात गुलमोहरांना टँकरने पाणी घालायला ठेवलाय. रागावायला कुणी वाईट माणूस सापडला असता तर बरं झालं असतं, तनू. इथे सगळे चांगलेच आहेत.

इथल्या नोंदी दाखवून तू मोठ्या अनुदानासाठी अर्ज करणार होतीस. आता दाखवायला काही नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून थांबायला पैसे देणारं कुणी नाही. वेल्समध्ये देऊ केलेल्या कायमच्या नोकरीला तू अजून उत्तर दिलं नाहीस, या उतारासाठी आणि माझ्यासाठी. त्यांना होकार कळव. फोनवर माझा आवाज तुला कळला असता, म्हणून लिहिते आहे. मी ठीक आहे असं लिहिणार नाही. घर खायला उठतं. तरीही येऊ नकोस.

तुझीच,
आई