एक जूनला जन्मलेलं गाव

मोताळा, सोमवार

ती. सत्यभामाबाईस, धाकट्या उत्तमचा धामणगावापर्यंत पोचेल असा साष्टांग नमस्कार.

बाई, तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला बसला का, की अजून शेजाऱ्यांना पहाटे उठवतो? तुझ्या गोविंदाचं पोट? आणि ती लंगडणारी म्हैस? (म्हशीची चौकशी तुझ्या भावजयीनं, तानाबाईनं, करायला सांगितली.) इकडे सगळे ठणठणीत; बिघडलाय तो फक्त माझा विश्वास.

त्याचं असं झालं. आमची सून डिंपल शाळेत मास्तरीण. शनिवार-रविवारी माणसानं आराम करावा. ही गणिताची पुस्तकं वाचते, मोबाइलवर गणिताचे व्हिडिओ पाहते, तेही हसत! गणितानं माणूस हसतो म्हटल्यावर मला वास आलाच. पाळत ठेवायला म्हणून शेजारी बसलो आणि (कोणाला सांगू नको) गोडी लागली. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवली की तिला एकच बाजू उरते, हे तिनं दाखवलं. मी पेन्सिल फिरवून पाहिली. दुसरी बाजू कुठं गेली ते अजून सापडलं नाही, पण घरातच असेल. मग एक व्हिडिओवाला पोरगा म्हणाला, तेवीस माणसं जमली तर कोणातरी दोघांचा वाढदिवस एकच निघण्याचा संभव निम्म्याहून जास्त. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट! एवढ्या वावरात तेवीस दाणे फेकले तर दोन एकाच जागी पडतात होय? वर म्हणतो, खालची घंटा दाबा. घंटा वाजवतात, दाबतात कशाला?

आठ दिवसांमागं, रविवारी, मी पारावर जाऊन एकेकाला जन्मतारीख विचारली. गोपाल शिंपी म्हणाला, "उत्तमराव, काऊन विचारून राह्यले जी? सोयरीक आणली का?" आणि तारीख सांगितली, एक जून. त्याच्या शेजारच्याची एक जून. चहावाल्याची एक जून! तो पोरगा माझ्या आधी येऊन सगळ्यांना पढवून गेला, अशी खात्रीच झाली. खिशातलं माझं आधार कार्ड काढलं, तर त्यावरही एक जून. मला कधी पढवलं? मग आठवलं, ज्याचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला त्याला मास्तर शाळेत घेत आणि सरसकट एक जून लिहीत.

डिंपल म्हणाली, "मामाजी, हा पडताळा चालत नाही, तारखा खऱ्या पाहिजेत." इथंच मिटलं असतं. पण तानाबाई चुलीपाशी बोलली, "माही तारीख खरी हाय, मी पोळ्याची. तुमचं साल तेच, पण माह्या मागूनच आले असान!" तेव्हापासून ताटात गुळाचा खडा जास्त पडतो. म्हणते, "खा, वाढतं वय हाय तुमचं." बाई, 'मी मोठा आहे' या एका वाक्यावर मी आजवर संसारातले सगळे निकाल दिले. ते आता फेरतपासणीला निघतील.

तुझा,
उत्तम

ता. क. मी पोळ्याच्या आधीचा की नंतरचा, एवढंच कळव. (फोन केला असता, पण ती स्पीकर लावते.) आधीचा असेन तर उघड्या कार्डावर ठळक अक्षरात लिही, पोस्टमन वाचून दाखवतो. नंतरचा असेन तर बंद पाकिटात, डिंपलच्या शाळेच्या पत्त्यावर.

आणखी ता. क. आत्ता आठवलं, मास्तरांनी तुझं-माझं नाव एकाच दिवशी घातलं. तारीख एक, सालही एकच. कागदावर आपण जुळे. तू मोठी, हे सांगणारी आजवर तूच. माझा संशय नाही. पण खात्री होईस्तोवर वरचा साष्टांग नमस्कार तात्पुरता समज. आणि उत्तर लवकर लिही. या वयात (जे काय असेल ते) फार वेळ पालथं पडून राहवत नाही.